उपजीवन कीं अपहरण? — कै. देवलांच्या नाटकांच्या आधारांविषयीं एक विचार

(१)

गतवर्षीं सांगली प्रांतांतील एका सद्गृहस्थांनीं आपल्या घरीं तीन पिढ्या सांभाळलेल्या पोथ्या व जुनीं छापील नाटकें यांची वर्णनात्मक यादी करून देण्याविषयीं प्रस्तुत लेखकास विनंति केली. विश्रामबागेंतील आमच्या बिऱ्हाडापासून तें घर दूर नसल्यामुळें, व शाळेंतून निवृत्त झाल्यावर वेळेची वाण नसल्यामुळें, तें काम आनंदानें पत्करलें. संग्रहाबरोबर घरांतील कोणा पूर्वजानें केलेली एक जुनी यादीहि हातीं आली. तींत प्रत्येक ग्रंथापुढें 'स्वतंत्र', 'भाषांतर' अथवा 'उचल' असा एकेक शब्द लिहिण्याचा परिपाठ ठेवलेला होता. कै. गोविंद बल्लाळ देवल यांचीं सातहि नाटकें त्या संग्रहांत होतीं. आणि त्यांपैकीं 'शारदा' एवढें एक वगळून बाकीच्या सहांपुढें 'उचल' हाच शब्द होता. यजमान म्हणाले, "गुरुजी, मग हीं सहा ठेवावयाचीं कशाला? मूळ तेवढें ठेवूं, नक्कल देऊन टाकूं."

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाहीं. जुन्या ग्रंथांचा संग्रह करणाऱ्या बहुतेकांच्या मनांत 'मूळ' या शब्दाविषयीं एक प्रकारची भक्ति असते, व 'नक्कल' या शब्दाविषयीं तितकाच तिरस्कार. पोथ्यांच्या बाबतींत ही वृत्ति समजण्यासारखी आहे. आणि तेथें फसगतहि क्वचितच होते, कारण पोथीचा नकलकार आपण नकलकार आहों हें शेवटीं स्वमुखानें सांगतो. परंतु एक कवि दुसऱ्या कवीच्या ग्रंथावरून आपला ग्रंथ रचतो, तेव्हां ती नक्कल होय कीं नवी निर्मिति होय, हें ठरविणें इतकें सोपें नाहीं. आमच्या मतें या दोहोंमधील रेषा किती घेतलें यावर पडत नाहीं. घेतलेल्याचें काय केलें, आणि घेतल्याचें कबूल केलें कीं नाहीं, या दोन गोष्टींवर ती पडते. देवलांच्या उदाहरणानें हें दाखविण्याचा येथें यत्न केला आहे. देवल (१८५५–१९१६) हे सांगलीजवळच्या, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे. तेव्हां आमच्या भागाचा हा घरचाच खटला आहे.

(२)

या विषयाचा विचार आपल्याकडे प्राचीन काळींच झालेला आहे. बाणभट्टानें हर्षचरिताच्या आरंभीं कविचोराची गोष्ट काढली आहे. दुसऱ्याचीं अक्षरें फिरवून व रचनेच्या खुणा झांकून जो वावरतो, त्याची चोरी कोणीं न सांगतांहि जाणत्यांच्या ध्यानांत येते, असा त्याचा आशय. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतांत याहून सूक्ष्म विचार केला. दोन कवींच्या अर्थांत जें साम्य दिसतें त्यास तो 'संवाद' म्हणतो, व त्याचे तीन प्रकार करतो: आरशांतील प्रतिबिंबासारखें साम्य, चित्रासारखें साम्य, आणि दोन देहधारी माणसांत दिसतें तसें साम्य. पहिल्यास स्वतःचा आत्मा नाहीं. दुसऱ्याचा आत्मा तुच्छ आहे. म्हणून हीं दोन्ही टाकावीं. तिसऱ्यास मात्र स्वतंत्र जीव आहे. सुंदरीचें मुख चंद्रासारखें दिसलें म्हणून तें चंद्राची नक्कल ठरत नाहीं.

या विषयाचें खरें शास्त्र बांधलें तें राजशेखरानें. त्याच्या काव्यमीमांसेंत हरणाचा विचार सविस्तर आहे. शब्दाचें हरण निराळें व अर्थाचें हरण निराळें. अर्थहरणांत ज्याचें मूळ उघड दुसऱ्याचें आहे तो 'अन्ययोनि', ज्याचें मूळ ओळखूं येत नाहीं तो 'निह्नुतयोनि', आणि ज्यास मूळच नाहीं तो 'अयोनि'. पहिल्यांत प्रतिबिंबकल्प व आलेख्यप्रख्य हे दोन भेद येतात. दुसऱ्यांत तुल्यदेहितुल्य व परपुरप्रवेशसदृश हे दोन. शेवटल्याचें नांव योग्याच्या परकायाप्रवेशावरून पडलें आहे: वस्तूचें मूळ एकच, परंतु साजसरंजाम अगदीं निराळा. राजशेखराच्या ग्रंथांत त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिचें मतहि नोंदलेलें आहे, व तें वाचून आजहि हसूं येतें. हा कवि अप्रसिद्ध आहे व मी प्रसिद्ध आहें, याला प्रतिष्ठा नाहीं व मला आहे, अशा कारणांनीं कवि शब्दार्थहरणास प्रवृत्त होतात, असें ती सांगते. हजार वर्षांत सबबी फारशा बदललेल्या दिसत नाहींत.

पुढें क्षेमेंद्रानें कविकंठाभरणांत उपजीवनाच्या पायऱ्या लाविल्या: कोणी छायेवर जगतो, कोणी पदावर, कोणी चरणावर, कोणी सबंध श्लोकावर. आणि सर्वांत वर त्यानें असा कवि ठेवला कीं ज्याच्यावर सारें जग उपजीविका करतें. तो म्हणजे व्यास. येथें एक शब्द ध्यानांत धरण्यासारखा आहे. 'उपजीवन' म्हणजे दुसऱ्याच्या आधारानें जगणें. त्यांत चोरीचा वास नाहीं, ऋणाचा आहे.

(३)

आतां देवलांकडे येऊं. त्यांच्या सहा नाटकांना आधार आहेत ही गोष्ट खरी. परंतु ते आधार तरी 'मूळ' आहेत काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

'दुर्गा' (१८८६) ही सदर्न या इंग्रज नाटककाराच्या १६९४ च्या 'फेटल मॅरेज'वरून आली. आणि सदर्ननें आपलें कथानक आफ्रा बेन या लेखिकेच्या गोष्टीवरून घेतलें होतें. 'झुंझारराव' (१८९०) हा शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून आला. आणि शेक्सपिअरनें आपली कथा, त्या प्रसिद्ध हातरुमालासकट, चिंथिओ नामक इटालियन कथाकाराच्या १५६५ च्या संग्रहांतून उचललेली आहे. 'शापसंभ्रम' (१८९३) बाणाच्या कादंबरीवरून. आणि बाणाचें कथाबीज गुणाढ्याच्या बृहत्कथेंतलें. बृहत्कथा लुप्त झाली असली तरी सोमदेवाच्या कथासरित्सागरांत सुमनस् राजाच्या व पोपटाच्या गोष्टींत तें बीज आजहि ओळखूं येतें. गुणाढ्याचा संबंध कथापरंपरा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहनाशीं जोडते. म्हणजे ज्या बाणानें कविचोरास दटावलें, त्यानेंच दुसऱ्याच्या कथेवर आपलें घर बांधलें. आणि त्या घराच्या नांवावरून आपण मराठींत एका सबंध वाङ्मयप्रकारास 'कादंबरी' म्हणतों.

सर्वांत बोधप्रद उदाहरण 'मृच्छकटिका'चें. देवलांनीं तें नाटक एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत मराठींत आणलें, तेव्हां शूद्रक हाच त्याचा मूळ कर्ता, याविषयीं कोणास शंका घेण्याचें कारण नव्हतें. पुढें त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनीं १९१२ पासून भासाच्या नांवें कांहीं नाटकें प्रसिद्ध केलीं. त्यांत 'चारुदत्त' हें चार अंकांचें नाटक निघालें, आणि मृच्छकटिकाचे पहिले चार अंक त्याच्याशीं ठिकठिकाणीं शब्दशः जुळतात असें आढळून आलें. शूद्रकानें तें पुढें वाढविलें, कीं कोणीं शूद्रकाचें नाटक संक्षेपून चार अंकांवर आणलें, हा वाद पंडितांत पुष्कळ झाला. पुष्कळांचा कल पहिल्या पक्षाकडे आहे. तो खरा मानिला तर शब्दहरणाच्या दृष्टीनें शूद्रकाइतका मोठा अपराधी दुसरा मिळावयाचा नाहीं. पण चारुदत्तांत जें नाहीं तें काय, हें पाहावें. गवळ्याचा मुलगा आर्यक, पालक राजाची जुलमी सत्ता, आणि ती उलथवून टाकणारें बंड हें सारें मृच्छकटिकांतलें आहे. एका दरिद्री ब्राह्मणाच्या व गणिकेच्या प्रेमकथेंतून शूद्रकानें सबंध उज्जयिनी उभी केली, राजापासून द्यूतगृहापर्यंत. घेतलें तें मोजतां येतें. घातलें तें मोजावयाचें राहून जातें, आणि निवाडा चुकतो.

'मृच्छकटिक' व 'विक्रमोर्वशीय' या दोन नाटकांत देवलांनीं मूळ ग्रंथाचें नांवच कायम ठेविलें. आधार सांगण्याची याहून उघड रीति नाहीं. यांच्यापुढें 'उचल' लिहिणें अन्यायाचें आहे. हे अनुवाद व रंगावृत्ति होत, आणि त्या त्या नांवानेंच लोकांपुढें आलेल्या आहेत. देवलांचे गुरु किर्लोस्कर यांनीं १८८० मध्यें 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तेंहि असेंच.

(४)

खरी कसोटी 'संशयकल्लोळा'ची आहे. म्हणून तेथें थोडें थांबावयाचें. देवलांनीं प्रथम 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हें गद्य नाटक १८९३ मध्यें लिहिलें, व आयुष्याच्या अखेरीस त्याचें संगीत रूप 'संशयकल्लोळ' सिद्ध केलें. गंधर्व नाटक मंडळीनें १९१६ मध्यें तें रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची रेवती व गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. याचा आधार आर्थर मर्फीचें १७६१ चें 'ऑल इन द राँग' हें इंग्रजी नाटक. आणि मर्फीचा आधार मोलिएरचें १६६० चें 'स्गानारेल' हें फ्रेंच प्रहसन. तीन भाषा, अडीचशें वर्षें, आणि गोष्ट एकच: वाटेंत मूर्च्छित झालेल्या तरुणीस एक विवाहित गृहस्थ सावरतो, त्याची बायको तें पाहते, तरुणीच्या हातून तिच्या प्रियकराची तसबीर पडते, ती या बायकोच्या हातीं जाते, आणि तिचा नवरा तें पाहतो. एका तसबिरीवरून चार माणसांच्या संशयास वाव मिळतो.

कथानक मर्फीचें, प्रसंगांची गुंफण बहुतेक मर्फीची. मग देवलांचें काय उरलें? वरवर पाहणारास नांवें तेवढीं दिसतील. मर्फीनें आपल्या संशयी जोडप्यास 'अस्वस्थ' अशा अर्थाचें आडनांव दिलें आहे. ती तिकडच्या प्रहसनांची रूढि. देवलांनीं त्या आडनांवाचें भाषांतर केलें नाहीं. त्यांनीं पंचांग उघडलें: फाल्गुनराव, आश्विनशेट, वैशाखशेट, कृत्तिका, रेवती, मघा, चाकर भादव्या. फाल्गुन म्हटला कीं शिमगा आलाच. उतारवयांत बायकोवर पहारा करणाऱ्या गृहस्थास याहून योग्य नांव सांपडणें कठीण. आणि नक्षत्रचक्रांत रेवतीपाठोपाठ अश्विनीच येते. हें इंग्रजींतून घेतां येण्यासारखें नाहीं.

परंतु नांवांहून मोठा पालट रेवतीच्या जातीकुळाचा आहे. मर्फीची नायिका चांगल्या घराण्यांतील कन्या. तिच्या समाजांत अविवाहित तरुणीनें प्रियकरास भेटावें, त्याची तसबीर जवळ बाळगावी, यांत कांहीं अघटित नव्हतें. १८९३ च्या मराठी समाजांत अशी कुलीन कन्या दाखविली असती तर कथानक पहिल्याच प्रवेशांत कोसळलें असतें. केवळ नकलकार असता तर त्यानें ती विसंगति तशीच ठेवली असती. आमच्याकडील कित्येक रूपांतरांत ती तशीच राहिलेली आहे. देवलांनीं रेवती ही मघा नायकिणीची मुलगी केली. हा उपाय केवळ सोयीचा वाटतो. पण त्यानें नाटकाचें अंतरंगच बदललें. मर्फीच्या नायिकेवर तिचा प्रियकर संशय घेतो तो प्रसंगामुळें. रेवतीवर संशय घ्यावयास सारें गांव जन्मापासून टपलेलें आहे. तिला पत्नी व्हावयाचें आहे, आणि तिच्या सचोटीचा पुरावा तिच्याकडे एक तसबीर एवढाच आहे; तीच नेमकी हरवते. इंग्रजी प्रहसनांत जो निव्वळ घोटाळा होता, त्याच्या तळाशीं येथें एका स्त्रीच्या अब्रूचा प्रश्न आहे. म्हणून हंसतां हंसतां प्रेक्षक रेवतीच्या बाजूस उभा राहतो.

आणखी एक गोष्ट. 'झुंझारराव' १८९० चा, 'फाल्गुनराव' १८९३ चा. पहिल्यांत हातरुमालावरून संशय व प्राणहानि; दुसऱ्यांत तसबिरीवरून संशय व हास्य. शोकनाट्यांत संशय पेरणारा एक खल आहे. प्रहसनांत खल कोणी नाहीं, संशय आपला आपणच रुजतो. तीन वर्षांच्या आंत एकाच लेखकानें एकाच मनोविकाराचीं हीं दोन टोकें निवडावीं, यांत योगायोगाहून अधिक कांहीं आहे असें आम्हांस वाटतें. काय उचलावें हें ठरविण्यांतहि लेखकाची दृष्टि दिसते. हाताला लागेल तें उचलणाऱ्यास अशी निवड साधत नाहीं. राजशेखराच्या परिभाषेंत बोलावयाचें तर 'संशयकल्लोळ' हा परपुरप्रवेश आहे. काव्यमीमांसा बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून छापली गेली ती १९१६ मध्यें, म्हणजे देवल वारले त्याच वर्षीं. शास्त्र हातीं नसतां त्यांनीं तें आचरिलें.

देवलांचा हाच न्याय सर्वत्र लागू करतां येत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. 'शापसंभ्रमा'स आम्ही आलेख्यप्रख्याच्या वर ठेवूं शकत नाहीं. बाणाचें वैभव कथानकांत नाहीं. तें त्या लांबच लांब, अलंकारांनीं ओथंबलेल्या वर्णनांत आहे. रंगभूमीवर कथानक उरतें आणि वर्णन गळून पडतें. जें मुळांत उसनें होतें तेवढेंच हातीं राहिलें, आणि बाणाचें स्वतःचें होतें तें सुटलें. 'मृच्छकटिक', 'शारदा' व 'संशयकल्लोळ' यांप्रमाणें हें नाटक टिकलें नाहीं याचें कारण आम्हांस हें दिसतें. तेथें देवल अपराधी नाहींत. पण यशस्वीहि नाहींत.

(५)

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, पालट केला म्हणजे घेतलेलें आपलें होतें, असें एकदां मानलें तर कोणीहि थोडीशी रंगरंगोटी करून परक्याचा माल आपल्या नांवावर खपवील. राजशेखराचेंच वचन या पक्षाच्या उपयोगी पडण्यासारखें आहे. चोर नव्हे असा कवि नाहीं व चोर नव्हे असा वाणी नाहीं, ज्याला लपवितां येतें तोच निंदेवांचून सुखानें राहतो, असा त्याचा अभिप्राय. येथें आम्ही राजशेखराशीं सहमत नाहीं. मूळ ओळखूं येऊं नये इतका पालट होणें ही प्रतिभेची गोष्ट. मूळ ठाऊक असून तें विचारणारापासून लपविणें ही निराळी गोष्ट. 'निह्नुत' या एका शब्दाखालीं त्यानें या दोहोंस बसविलें, आणि आपल्या पुढील कित्येक ग्रंथकारांनीं त्यांतली सोयीची तेवढी बाजू घेतली.

या बाबतींत प्रस्तुत लेखकास स्वतःची एक चूक सांगणें भाग आहे. शिक्षकीच्या पहिल्या वर्षांत एका विद्यार्थ्याच्या निबंधांत तीन वाक्यें एका छापील पुस्तकांतलीं आढळलीं. वर्गासमक्ष त्यास चोर म्हटलें व शून्य गुण दिले. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढें कांहीं महिन्यांनीं जुनी टिपणवही चाळतां ध्यानांत आलें कीं, तीं वाक्यें आदल्या वर्षीं आम्हींच वर्गांत सांगितलीं होतीं, आणि तीं कोठलीं हें सांगितलें नव्हतें. मुलानें तीं गुरुजींचीं समजून श्रद्धेनें पाठ केलीं होतीं. लपविणारा आमच्यापैकीं कोण, हें निराळें सांगावयास नको. त्या मुलाची क्षमा मागावयास आम्हांस फार उशीर झाला. तोंवर तो शाळा सोडून गेला होता.

दुसरा आक्षेप कायद्याचा. आजच्या काळीं असें नाटक रचणें गुन्हा ठरणार नाहीं काय? कायद्याची रेषा निराळी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यान्वयें लेखकाचा हक्क त्याच्या मरणानंतर साठ वर्षें चालतो. आणि 'हम हिंदुस्थानी' या नाटकाविषयींच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ मध्यें असें ठरविलें कीं, कल्पना, विषय वा कथानक यांवर कोणाचा हक्क नाहीं. हक्क असतो तो त्यांच्या विशिष्ट मांडणीवर. मर्फी १८०५ मध्यें वारला. शूद्रकास हक्काचा प्रश्नच नाहीं. कायदा एवढेंच सांगतो कीं कोणाचें घर मोडलें नाहीं. नवें घर बांधलें कीं नाहीं, हें सांगणें त्याचें काम नव्हे; तें काम आपल्यासारख्यांचें आहे.

(६)

आमच्या सांगलीस तर याचा विसर पडतांच कामा नये. १८४२ च्या सुमारास कर्नाटकांतील भागवतांचे खेळ येथें झाले, ते पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं विष्णुदास भाव्यांस तसाच खेळ मराठींत रचण्याची आज्ञा केली, आणि १८४३ मध्यें 'सीतास्वयंवर' झालें. मराठी नाटकाचा आरंभ आपण तेथून मोजतों. बीज कानडी मुलखांतलें, आख्यान रामायणांतलें. जुन्या यादीच्या रीतीनें भाव्यांपुढेंहि 'उचल' हाच शब्द लिहावा लागेल, आणि मग नाट्यपंढरी म्हणून मिरविण्यास आपल्यापाशीं कांहीं उरणार नाहीं.

म्हणून त्या संग्रहाच्या नव्या यादींत आम्हीं 'स्वतंत्र' व 'उचल' हे शब्द काढून टाकले, आणि त्यांच्या जागीं चार रकाने घातले. पहिल्यांत आधारग्रंथ व त्याच्या मागचा आधार. दुसऱ्यांत तो आधार लेखकानें त्या प्रतींत कोठें सांगितला आहे काय, मुखपृष्ठावर, प्रस्तावनेंत, कीं कोठेंच नाहीं. तिसऱ्यांत काय गाळलें. चौथ्यांत काय नवें घातलें. दुसरा रकाना भरण्यास प्रत हातीं असावी लागते, व प्रस्तावनेचीं पानें शाबूत असावीं लागतात. जुन्या नाटकांच्या पुस्तकांतून नेमकीं तींच पानें गळालेलीं असतात. आणि बांधणी करतांना कित्येक संग्राहक जाहिरातीचीं म्हणून तीं फाडूनहि टाकतात. तसें करूं नये. ऋण कबूल केल्याचा पुरावा बहुधा त्याच पानांवर असतो. पान गेलें कीं प्रामाणिक लेखकहि चोर ठरतो.

यजमानांस हा विचार पटला. सहाहि नाटकें त्यांच्या कपाटांत 'शारदे'शेजारीं राहिलीं आहेत, व यादीची एक प्रत त्यांनीं अभ्यासकांस पाहावयास ठेविली आहे. ज्यांच्या संग्रहांत जुन्या रूपांतरित नाटकांच्या पहिल्या आवृत्ति प्रस्तावनेसह असतील, त्यांनीं याच चार रकान्यांत त्यांची नोंद करून मंडळाकडे पाठविल्यास पुष्कळ ग्रंथकारांवरील जुना आरोप तपासून पाहतां येईल, आणि क्वचित् एखाद्यावर तो नव्यानें सिद्धहि होईल. दोन्ही गोष्टी इतिहासास सारख्याच इष्ट आहेत.